कळसूबाईचा दिवस माथ्यावरून मागे मोजावा

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, शनिवारी कळसूबाई करतोय आम्ही पाचजण. मुंबईहून किती वाजता निघू?"

मी विचारलं, "माथ्यावर किती वाजता असायचंय?"

तो जरा घुटमळला. हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता. गाडी कुणाची, पेट्रोल कुणाचं, डबा कोण आणणार, हे सगळं ठरलं होतं. आपण कशासाठी चढतोय आणि ते कोणत्या वेळी दिसतं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. एका दिवसात होणाऱ्या डोंगराचा बेत घरापासून पुढे आखला की हमखास फसतो. तो माथ्यापासून मागे मोजत यायचा असतो. वर कधी पोचायचं, त्याआधी चढायला किती वेळ, त्याआधी झोप किती, आणि वरून कितीच्या ठोक्याला परत फिरायचं.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर हा डोंगर उभा आहे. नेहमीची वाट बारी गावातून. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं, आणि गावाच्या पश्चिमेला थेट शिखर दिसतं. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्यापासून "तिथे काय, कुणीही चढतं" असं बोलायची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. शिड्यांमुळे कडा सोपा झाला हे खरं, पण उंची तेवढीच राहिली, ऊन तेवढंच राहिलं, आणि गुडघेही तेच राहिले.

आधी महिना ठरवावा. मी पहिल्यांदा गेले ती ऐन ऑगस्टमध्ये. तीन तास भिजत वर पोचलो तर समोरचं देऊळ दहा पावलांवर आल्याशिवाय दिसेना. चौफेर पांढरं, आणि वारा असा की बोलणं शेजारच्याला ऐकू जाईना. त्या दिवसाबद्दल मला तक्रार नाही, ढगाच्या पोटात उभं राहण्याचा आनंद फार मोठा आहे. पण पावसाळ्यात कळसूबाईला जायचं तर पावसासाठी जावं, दृश्यासाठी जाऊ नये. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळते, वर चढते, चढताना थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे ज्या उंचीवर घडतं ती शिखराच्या बरीच खाली असते. खाली बारीत उघडीप असली तरी वर ढग बसलेलाच असतो.

दिसण्याचं गणित सोपं आहे. आपण समुद्रसपाटीपासून किती मीटर उंच आहोत त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साडेतीनने, नेमकं म्हणजे ३.५७ ने गुणायचं. जे उत्तर येईल तितक्या किलोमीटरवर क्षितिज. १६४६ चं वर्गमूळ साडेचाळीसच्या आसपास, म्हणजे क्षितिज १४५ किलोमीटरवर. आणि समोर दुसरा डोंगर असेल तर त्याचं टोक त्याच्याही पलीकडून दिसू शकतं. बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटरचा, इथून उत्तरेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. गणितात तो आरामात बसतो. डोळ्यांना दिसतो का, ते मात्र हवा ठरवते.

पाऊस सरल्यावर हवेतली धूळ धुऊन निघालेली असते. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हे कळसूबाईचे सगळ्यात स्वच्छ आठवडे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड, जड हवा दऱ्यांत उतरून बसते आणि चुलींचा धूर, धुकं, सगळं तिच्यातच कोंडतं. तेव्हा खाली गाव दिसत नाही, पण माथा त्या दुलईच्या वर निघतो आणि नुसती शिखरं बेटांसारखी दिसतात. मार्चपासून वणव्यांचा धूर, धूळ आणि तापलेल्या हवेचं थरथरणं सुरू होतं, आणि पलीकडचा डोंगरही पुसट होत जातो. मे महिन्यात भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला पुष्कळ लोक येतात आणि आलोच आहोत तर कळसूबाईही करू म्हणतात. मे महिन्यातलं ऊन अंगावर घेऊन मिळतं ते फिकट दृश्य, आणि खाली येईपर्यंत डोकं ठणकायला लागतं. काजवे बघावेत आणि शांत झोपावं, असं माझं मत.

महिन्याइतकीच वेळही महत्त्वाची. सूर्य कलता असतो तेव्हा प्रत्येक धारेची सावली पडते, एका रांगेमागची दुसरी रांग सुटी होते, किल्ल्यांचे माथे ओळखू येतात. दुपारी बाराला तोच मुलूख सपाट होतो, नकाशावर पाणी सांडल्यासारखा. म्हणून सूर्योदयानंतर दोनेक तासांच्या आत माथ्यावर असावं. नोव्हेंबरअखेर इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे वर पोचायचं पावणेनऊपर्यंत.

आता मागे मोजू. बारीपासून माथ्यापर्यंत अंतर सव्वातीन-साडेतीन किलोमीटर, आणि उभी चढाई आठशे ते नऊशे मीटर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला होता. मेट्रिकमध्ये त्याचं रूप असं: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशेबात कळसूबाईला चालीची चाळीस मिनिटं आणि चढाईचा जवळपास दीड तास, मिळून दोन तासांच्या थोडं वर येतं. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा. आपल्या पाचजणांत एकजण वर्षातून एकदा डोंगर चढणारा असतोच, आणि मंडळी त्याच्याच चालीने चालली पाहिजे. म्हणून मी सरळ तीन तास धरते. पावणेनऊला वर, तर पावणेसहाला पायथा सोडायचा. पहिला तासभर विजेरी लागेल, पण ती वाट शेतांच्या कडेने आणि सोप्या चढाची आहे. शिड्या सुरू होईपर्यंत उजाडतं.

पावणेसहाला बारी सोडायची तर मुंबईहून किती वाजता निघायचं? भाच्याने स्वतःच आकडेमोड केली. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, कसारा घाट, एक चहा. "म्हणजे रात्री दीडला?" असं तो म्हणाला आणि तिथेच मी त्याला थांबवलं. शुक्रवारी दिवसभर ऑफिस करून रात्रभर गाडी हाकायची, झोपेशिवाय चढायचं, आणि संध्याकाळी त्याच डोळ्यांनी घाट उतरायचा. या सगळ्या बेतात सगळ्यात धोकादायक जागा कळसूबाईच्या शिड्यांवर नसून परतीच्या महामार्गावर आहे. शुक्रवारी संध्याकाळीच निघावं आणि बारीत मुक्काम करावा. गावात घरोघरी राहायची सोय होते, गरम भाकरी-पिठलं मिळतं, आणि पहाटे उठून सरळ वाटेला लागता येतं. दोन-चार तासांची का होईना, झोप होते. आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलं तर घरच्या बाईलाही पीठ दळून ठेवता येतं. अवेळी दहाजणांनी दार ठोठावणं बरं नव्हे.

या वाटेवर कुठे दम लागणार आणि कुठे सावरणार, ते खडकानेच ठरवून ठेवलं आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर लाव्हारस एकावर एक थरांनी पसरत गेला. प्रत्येक थराचा गाभा टणक आणि वरचा भाग सच्छिद्र, ठिसूळ. ठिसूळ भाग झिजून उतार होतो आणि त्यावर गवत येतं. टणक गाभा झिजत नाही, तो काळ्या कड्याचा पट्टा होऊन उभा राहतो. म्हणून सह्याद्रीचा कुठलाही डोंगर लांबून पाहिला की पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. बारीची वाटही तशीच आहे. बराच वेळ गवताळ चढ, मग एकदम कातळ, आणि कातळ आला की शिडी. शिड्या जिथे आहेत तिथे लाव्हाच्या थराचा गाभा आहे असं खुशाल समजावं. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातल्या या थरांचे तीन मोठे उपगट पाडले आहेत. मधल्याला लोणावळ्याचं नाव, वरच्याला वाईचं, आणि सगळ्यात खालच्या म्हणजे सगळ्यात जुन्या उपगटाला कळसूबाईचं. राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराने नाव दिलंय ते सगळ्यात तळच्या थरांना. मला हे फार आवडतं. शिडीला हात लावण्याआधी मी शेजारच्या कातळावर एकदा तळवा ठेवते.

शिडी चढताना लक्ष कुठे असावं हे सांगते. पायरी लोखंडी, हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेली. पाऊल तिच्यावर पुरतं मावत नाही, चवडाच बसतो. दव पडलेलं असेल तर सकाळी ती ओली असते. दोन्ही हात कठड्याला हवेत, म्हणजे मोबाइल खिशात, पाण्याची बाटली पिशवीत, काठी असेल तर पाठीला बांधलेली. पिशवीला बाहेर काही लोंबतं ठेवू नये, ते कठड्यात अडकतं. खरी पंचाईत होते ती गर्दीने. रविवारी सकाळी नऊच्या पुढे चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात. अशा वेळी एकजण मधेच बाजूला सरकायला बघतो आणि खाली दरी असते. शिडीच्या पायथ्याशी थांबावं, "दादा, या तुम्ही" म्हणून वरच्याला पूर्ण उतरू द्यावं, मगच पाय टाकावा. एकदा माझ्या पुढची सात-आठ वर्षांची मुलगी मधल्या पायरीवर घाबरून बसली होती. मागे वीस माणसं. कुणीतरी "अगं, चढ लवकर" म्हणून ओरडलं आणि ती आणखीच गोठली. वरून टोपली डोक्यावर घेऊन उतरणारी गावातली एक बाई शिडीच्या माथ्याशी थांबली, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "बाय, माझ्याकडं बघ. खाली न्हाई, माझ्याकडं." मुलगी चढली. ती बाई तशी वाट रोज करत असावी. वर लिंबू-सरबत विकायला लागणारं सगळं सामान असंच डोक्यावरून जातं. तिच्याकडून ग्लासभर सरबत घेताना भावाची घासाघीस करू नये.

पाणी माणशी तीन लिटर घ्यावं, उन्हाळ्याकडे झुकलेले दिवस असतील तर जास्तच. माथ्याच्या खाली सपाटीवर एक विहीर आहे, पण आपली भिस्त पाठीवरच्या पाण्यावर असावी. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, आणि मग मांडीत गोळे येतात. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू करून घ्यावं किंवा ओआरएसची पुडी. खायला चपाती-ठेचा, गूळ-शेंगदाणे, काकडी. तळलेले वेफर्स मुळीच नकोत. त्यांनी तहान लागते आणि रिकामी पाकिटं वाऱ्याबरोबर कारवीत जाऊन बसतात. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि नेलेला प्रत्येक कागद आपल्याच पिशवीतून खाली आला पाहिजे.

वर हवा खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असते, कारण दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा. घामाने भिजलेला सुती सदरा वाऱ्यात बर्फासारखा होतो, म्हणून एक कोरडा कपडा आणि वाऱ्याला अडवेल असं एखादं जॅकेट नोव्हेंबरातही हवं. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास मात्र होत नाही. दम लागतो तो चढाचा.

एका गोष्टीला मी घाबरते, ती वीज. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुपारनंतर ढग झपाट्याने उभे राहतात. उघडा माथा, त्यावर देऊळ आणि झेंडा, खाली सलग लोखंडी शिड्या. चमक दिसली की सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आपण तिच्या टप्प्यात आहोत. पण खरं म्हणजे मोजायची वेळ येऊच देऊ नये. या दिवसांत दुपारी बारापर्यंत शिड्या उतरून खाली आलेलं असावं. वर अडकलात तर कठडे, साखळ्या, एकटं झाड यांपासून लांब, कड्यापासून आत, खोलगट जागी बसून राहावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नये.

परत फिरायची वेळ खाली असतानाच ठरवावी आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावी. मी साडेदहा धरते. साडेदहाला जो जिथे असेल तिथून मागे, माथा शंभर पावलांवर असला तरी. असं एकदाच झालं आहे, शेवटच्या शिडीखाली. सोबतची मैत्रीण रडकुंडीला आली होती, पण तिच्या पायात गोळे येत होते आणि उतरायला तिला साडेचार तास लागले. आम्ही अर्धा तास आणखी वर गेलो असतो तर त्या शिड्या आम्हाला भर उन्हात, तापलेल्या लोखंडाला हात लावत उतराव्या लागल्या असत्या.

माथ्यावर एक छोटं देऊळ आहे, कळसूबाईचं. कळसू ही कोळ्यांची पोर, रानात भटकायची तिला ओढ. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला इंदोर गावात ती एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही अशा बोलीवर. एक दिवस तिला नेमकं तेच करायला सांगितलं. तिने भांडी घासली, केर काढला, आणि डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत तिथेच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटिअरमध्येही ही कथा नोंदलेली आहे. नवरात्रात इथे जत्रा भरते, आणि पायथ्याची मंडळी अनवाणी चढून येतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खालीही देवीचं देऊळ आहे.

वर पोचल्यावर निदान पाऊण तास हाताशी असावा. छायाचित्रं पाच मिनिटांत होतात. उरलेला वेळ दिशा लावून बसावं. दक्षिणेकडे तोंड करा. खाली पाण्याचा मोठा आरसा दिसतो तो भंडारदऱ्याचा आर्थर जलाशय. प्रवरेवरचं हे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं, आणि त्याला विल्सन हे नाव आहे. पाण्याच्या पलीकडे रतनगड, शेजारी सुळक्यासारखा त्याचा खुटा. त्याच्याही मागे, निळसर होत गेलेल्या रांगेत हरिश्चंद्रगड. आता पश्चिमेला वळा. जवळच तीन दांडगे डोंगर ओळीने उभे आहेत. सगळ्यात अलीकडचा, रुंद माथ्याचा अलंग, मधला लहानसा मदन, पलीकडचा कुलंग. याच त्रिकुटावर सह्याद्रीतले पट्टीचे भटके कस लावायला येतात. उत्तरेला घोटी-इगतपुरीचा सपाट मुलूख, त्यापलीकडे त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी आणि अंजनेरी. पूर्वेला बितनगड, औंढा आणि पट्टा. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज पट्ट्यावर विश्रांतीला थांबले, म्हणून त्याचं विश्रामगड नाव पडलं. समुद्र पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, पण इथे पडलेला पाऊस त्या बाजूला वळत नाही. तो दारणेतून आणि प्रवरेतून गोदावरीला मिळतो आणि सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो.

एकदा शेजारी बसलेल्या आजोबांनी मला पट्टा दाखवला होता. बोटाने नाही, हातातल्या काठीने, कारण बोट पुरत नाही म्हणाले. काठीचं टोक डोळ्याच्या रेषेत धरून त्यांनी मला तिच्यावरून बघायला लावलं. तेव्हापासून मीही नव्या माणसाला असंच दाखवते.

उतरताना घाई करू नये. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आपला भार पेलतात, त्यांना बारीक इजा होते, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. चढताना थकलेला पाय उतरताना नीट पडत नाही, आणि गवताळ उतारावरचा घसारा तेवढ्याचीच वाट बघत असतो. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, टाच न आपटता. शिडीवर तोंड कड्याकडे. कुणाचा पाय मुरगळलाच तर बूट काढू नये, काढला की सुजेमुळे पुन्हा चढत नाही. मदत लागली तर ११२, आणि त्याहून लवकर पोचणारी मदत म्हणजे बारीतली पोरं. म्हणून गावात एकाचा तरी फोन नंबर घेऊनच वर जावं, आणि किती माणसं गेली आहेत हे त्यांना सांगून ठेवावं.

वाट पूर्वेच्या अंगाने असल्यामुळे सकाळी ऊन पाठीवर येतं, आणि दुपार कलली की डोंगर स्वतःच सावली धरतो. पण त्यामुळे बारीत अंधारही लवकर पडतो. घड्याळात सूर्यास्ताला अवकाश असताना सूर्य शिखरामागे जातो आणि सावली शेतांवरून पुढे सरकू लागते. भाच्याला मी एवढंच सांगितलं की दीडपर्यंत गावात ये, जेव, अर्धा तास आडवा हो, आणि मग गाडीला किल्ली लाव. शनिवारी दुपारी दोनला त्याचा फोन आला. मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "मावशी," तो म्हणाला, "अलंग आणि मदन कळले. कुलंग कुठला ते मात्र आमच्यात ठरलं नाही."